पवनचक्क्यांनी पाऊस पळवलेला नाही

घरच्या ग्रुपवर, शाळेच्या ग्रुपवर, सोसायटीच्या ग्रुपवर एकच मजकूर फिरत होता तोवर मी गप्प होतो. परवा मामांचा फोन आला. मामा जत तालुक्यात राहतात. ज्वारी, थोडा गहू आणि डाळिंबाची लहानशी बाग आहे, सौर कृषिपंपासाठी अर्ज भरलाय. म्हणाले, "अर्ज मागं घ्यावा म्हणतोय. त्या प्लेटांनी हिरीचं पाणी आटतंय म्हणं. तू वाचलास का न्हाई ते?"

वाचलं होतं. नुसतं चुकीचं असतं तर सोडून दिलं असतं. पण हा मजकूर एका साठीच्या माणसाला पुन्हा रात्री-अपरात्री शेतात पाठवायला निघालाय, तेव्हा उत्तर द्यायलाच हवं.

ज्यांच्यापर्यंत तो पोचला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. मथळा आहे 'हरित ऊर्जेचं काळं सत्य'. सांगणारे कोणी 'निवृत्त शास्त्रज्ञ', नाव नाही, गाव नाही. म्हणणं असं: पवनचक्क्या ढग फोडतात आणि पाऊस पळवतात. सोलर प्लेटा उष्णता ओढतात, त्यामुळे शेजारची पिकं जळतात आणि विहिरी आटतात. प्लेट बनवायला जेवढी वीज लागते तेवढी ती जन्मभरात देत नाही. वीस वर्षांनी तिचा विषारी कचरा देशभर साचणार. जर्मनी याच नादाने बुडाली. सूर्य मावळल्यावर काय करणार? आणि शेवटी, समाज कोळशावर उभा राहतो, कोळसाच स्वस्त. खाली 'जनहितार्थ, पुढे पाठवा'.

आधी पाऊस. सगळ्यात जास्त नुकसान याच मुद्द्याने केलंय, आणि तेही गेली वीस-पंचवीस वर्षं. पाटणजवळ वनकुसवड्याच्या पठारावर, नंतर सांगलीच्या पूर्व भागात ढालगाव-कवठेमहांकाळकडे, पुढे धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यात पवनचक्क्या उभ्या राहत गेल्या. सुरुवात १९९० च्या दशकाच्या अखेरीची. आणि नेमकं २००० नंतर माणदेशाने आणि सांगलीच्या पूर्वेने ओळीने कोरडी वर्षं काढली, जनावरं छावणीत नेऊन बांधली. माळावर नवीन काय आलं होतं? पवनचक्की. मग पाऊस कोणी नेला? पवनचक्कीने. ज्याची विहीर कोरडी पडलीय त्याच्या मनात हे येणं मी समजू शकतो. शास्त्रज्ञ म्हणवणाऱ्याने तेच २०२० नंतर लिहून पाठवणं मात्र मला माफ करता येत नाही.

कारण हे खोटं ठरवायला प्रयोगशाळा लागत नाही. पवनचक्कीने पाऊस पळत असता तर पहिलं कोरडं पडलं असतं ते वनकुसवड्याचं पठार आणि त्याखालचं कोयनेचं खोरं. तिथे आजही पावसाळ्यात हजारो मिलिमीटर पाऊस पडतो आणि १०५ टीएमसीच्या कोयना धरणाचे दरवाजे उघडावे लागतात. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगली शहर पाण्याखाली गेलं तेव्हा जिल्ह्यातल्या पवनचक्क्या जागेवरच होत्या. जुलै २०२१ मध्ये महाबळेश्वरला एका दिवसात सहाशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस कोसळला आणि पाटण तालुक्यातच आंबेघर, मिरगावला डोंगर घरांवर आला, माणसं गेली. त्याच तालुक्याच्या पठारावर पवनचक्क्यांच्या रांगा आहेत. त्या कुठला ढग अडवत होत्या?

उलट बाजूने पाहा. १९७२ चा दुष्काळ आपल्या आजी-आजोबांनी खडी फोडून काढला. १८७६ ते ७८ च्या दुष्काळात दख्खनची गावंच्या गावं उठली. माळावर तेव्हा एकही पातं नव्हतं. जत, आटपाडी, माण, सांगोला कोरडे आहेत ते सह्याद्रीच्या पलीकडे आहेत म्हणून. अरबी समुद्रावरून आलेलं बाष्प घाटाला धडकून वर चढतं, तिथेच रिकामं होतं, आणि पूर्वेला उतरणारा वारा कोरडा असतो. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस आणि तिथून दोनशे किलोमीटरच्या आत जतला पाचशेच्या आसपास. हे माणसाने यंत्र बनवण्याच्या लाखो वर्षं आधीपासून असंच आहे. पाऊस देणारा ढग काही किलोमीटर उंच असतो. त्या काळात बसवलेल्या पवनचक्कीच्या पात्याचं टोक जेमतेम शंभर मीटरपर्यंत जायचं, आताच्या मोठ्या यंत्रांचं दोनशेच्या आसपास.

यात खरं काहीच नाही असं मात्र म्हणणार नाही. फिरणारं पातं जमिनीलगतची हवा ढवळतं. अमेरिकेत टेक्सासमधल्या मोठ्या पवनक्षेत्रांवर उपग्रहाने घेतलेल्या नोंदी २०१२ मध्ये प्रसिद्ध झाल्या, त्यांत रात्रीचं जमिनीचं तापमान अंशाच्या काही भागाने वाढलेलं दिसलं. वरची उबदार हवा खाली आली, एवढाच त्याचा अर्थ. ढग फुटल्याची, पाऊस गेल्याची गोष्ट त्यात नाही.

आणि माझा खरा संताप इथे आहे. पवनचक्क्यांबद्दल तक्रारी खऱ्या होत्या, आजही आहेत. माळरान म्हणून मातीमोल भावाने घेतलेल्या जमिनी, दलालांनी केलेले व्यवहार, एका रस्त्यासाठी चार जणांचे मोडलेले बांध. साक्री तालुक्यात आदिवासी पिढ्यान्‌पिढ्या कसत आलेल्या वनजमिनींवर पवनचक्क्या आल्या म्हणून मोठा संघर्ष झाला. हे प्रश्न कागदावर मांडता येतात, त्यांना सात-बारा असतो, खरेदीखत असतं, वनहक्काचा दावा असतो. पण मोर्चाने तहसीलवर जाऊन 'आमचा पाऊस परत द्या' म्हटलं की समोरच्या अधिकाऱ्याचं काम सोपं होतं. तो हवामान खात्याचा एक कागद दाखवतो आणि जमिनीच्या प्रश्नासकट सगळ्यांना वाटेला लावतो. पाऊस पळाल्याच्या गोष्टीने कंपन्यांचं कधी काही बिघडलं नाही, बिघडलं ते गावाचं. आज मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेत भाडेपट्ट्याने जमीन द्यायची तर हेक्टरी वर्षाला सव्वा लाख रुपये आणि दरवर्षी ३ टक्के वाढ असा दर ठरलेला आहे. आपल्या गावात खासगी प्रकल्पवाला येतो तेव्हा किती देतो, करार किती वर्षांचा, मुदत संपल्यावर पायाचं काँक्रीट कोण उपटणार, हे विचारायला हवं. त्या मजकुरात यातला एक प्रश्न नाही.

आता विहीर. मामांचा प्रश्न हाच होता.

पाच अश्वशक्तीच्या पंपाला साधारण पाच किलोवॅटची पॅनेलं लागतात. जागा पंचवीस चौरस मीटरच्या आसपास, म्हणजे गोठ्यावरच्या पत्र्याएवढी. पत्र्याने कोणाची विहीर आटली नाही. जमिनीवर पडणारं ऊन पॅनेल नसतं तरी तिथेच पडणार होतं आणि काळी माती ते शोषणारच होती. पॅनेल त्यातला पाचवा हिस्सा विजेच्या रूपाने काढून नेतं. शेकडो एकरांच्या सौर प्रकल्पांचा प्रश्न थोडा वेगळा आहे. ॲरिझोनातल्या एका अभ्यासात प्रकल्पाच्या आत रात्रीची हवा मोकळ्या माळापेक्षा ३ ते ४ अंश गरम आढळली. हे खरं आहे आणि लपवायचं कारण नाही. पण दुसऱ्या एका अभ्यासात प्रकल्पाच्या हद्दीपासून ३०० मीटरवर तो फरक जवळजवळ उरलेला नव्हता. हद्दीला लागून कोणाची द्राक्षबाग असेल तर त्याने अंतर सोडायची मागणी जरूर करावी. मामांच्या बांधावरच्या पंचवीस चौरस मीटरला यातलं काही लागू नाही.

पॅनेल नको म्हटल्यावर मामांच्या वाट्याला काय उरतं तेही सांगतो. शेतीच्या फीडरला आठवड्यातले काही दिवस दिवसा आणि उरलेले दिवस रात्री थ्री फेज. रात्रपाळी असली की माणूस जेवून झोपत नाही, अंगणात बाजेवर पडून राहतो. बाराच्या पुढे लाईट आली की गमबूट, बॅटरी, हातात काठी. स्टार्टर दाबायचा, मोटार धरते का बघायची. दाब कमी असला की मोटार नुसती गुणगुणते आणि मग वाइंडिंग जळतं. धरलीच तर पहाटेपर्यंत वाफ्यावाफ्याने दारं धरायची. थंडीत पाय बधिर होतात, आणि पाचट-गवतात काय पडलंय ते पाय ठेवल्यावरच कळतं. आमच्या ओळखीत रात्रीच्या पाण्याला गेलेल्या माणसाला घोणस चावल्याची गोष्ट नाही असं घर मला माहीत नाही. जुन्नर, शिरूर, संगमनेरकडे त्यात बिबट्याची भर. शेतीला दिवसा वीज द्या, ही मागणी शेतकऱ्याने किती वर्षं केली! ती पुरी होण्याचा जवळचा रस्ता ऊन आहे, कारण सौर पॅनेल दिवसाच वीज देतं. ज्या योजनेने हे बदलू शकतं तीच हा मजकूर विष म्हणून सांगतो.

तरी मामांना मी एक गोष्ट त्याच फोनवर सांगितली, तीही लिहितो. सौरपंपाने विहीर आटू शकते. प्लेटांच्या उष्णतेने नाही, उपशाने. बिल नाही, फीडरची वेळ नाही, ऊन आहे तोवर पंप चालू ठेवता येतो, आणि शेजाऱ्याचा चालू असला की आपलाही बंद करवत नाही. जतमध्ये बोअर आधीच शेकडो फूट खाली गेलेत. म्हैसाळ योजनेचं पाणी टप्प्याटप्प्याने कृष्णेतून उचलून या भागात आणावं लागतं, आणि वीजबिल थकलं की ते पंपही बंद पडलेले या तालुक्याने पाहिलेत. अशा ठिकाणी फुकट उपसा ही खरी भीती आहे. मात्र तीही सौरपंपापुरती नाही, साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांना लाईनची वीजसुद्धा २०२४ पासून मोफतच आहे. ठिबक, पिकाची निवड आणि गावाने मिळून उपशाला घातलेली मर्यादा, एवढेच उपाय आहेत. या विषयावर एखाद्याने खरोखर 'पुढे पाठवा' म्हणून लिहिलं तर मी स्वतः सगळ्या ग्रुपांवर टाकीन. सौरपंपाच्या योजनेत पाच वर्षांची दुरुस्तीची हमी आणि विमा आहे, पण कंट्रोलर बिघडल्यावर पुरवठादाराचा माणूस वेळेवर येत नाही, ही तक्रार गावोगाव आहे. तीही खरी.

पॅनेल बनवायला लागलेली वीज ते कधीच परत देत नाही, या मुद्द्यावर फार वेळ घालवणार नाही. जर्मनीतली फ्राउनहोफर संस्था याचा हिशेब वर्षानुवर्षं प्रसिद्ध करते. पॅनेल बनवायला लागलेली ऊर्जा साधारण वर्षभरात परत मिळते, भरपूर ऊन असलेल्या देशात त्याहून लवकर. पुढे वीस-पंचवीस वर्षं पॅनेल चालतं. 'हिशेब लपवतात' म्हणणाऱ्यांसाठी त्याहून मोठा दाखला आहे तो संयुक्त राष्ट्रांच्या युरोप आर्थिक आयोगाचा, २०२१ चा. त्यांनी खाणीपासून भंगारापर्यंत सगळं धरलं: वाळू, धातू, कारखाना, जहाज, उभारणी, मोडतोड. एका युनिटमागे कोळशाच्या विजेतून ७५१ ते १०९५ ग्रॅम कार्बन डायऑक्साइडइतकं उत्सर्जन, सौर पॅनेलमधून ८ ते ८३ ग्रॅम, जमिनीवरच्या पवनचक्कीतून ८ ते १६ च्या आसपास. सौरऊर्जेचा सगळ्यात वाईट आकडा घ्या आणि कोळशाचा सगळ्यात चांगला, तरी नऊ पटींचा फरक राहतो. छुपा खर्च शोधायचा तर असा, दोन्ही बाजूंचा एकाच मापाने. पॅनेलच्या पुरवठा साखळीतला ८० टक्क्यांहून मोठा वाटा चीनचा आहे आणि तिथले कारखाने बऱ्याच अंशी कोळशाच्या विजेवर चालतात, हे मान्य. एवढ्या एका देशावर अवलंबून राहणं मलाही आवडत नाही.

कचऱ्याचं म्हणणं अर्धं खरं आहे. पॅनेलांत काच, ॲल्युमिनियम, थोडी चांदी, जोडणीत शिसं असतं. गारपिटीत फुटलेली पॅनेलं आज भंगारवाला नेतो, ॲल्युमिनियमची चौकट काढून घेतो आणि उरलेलं कुठेतरी टाकून देतो. ई-कचऱ्याच्या २०२२ च्या नियमांत सौर पॅनेलं घातली आहेत, पण नियम कागदावर आणि भंगारवाला रस्त्यावर, अशी आजची स्थिती आहे. इथपर्यंत मजकूर बरोबर. आता प्रमाण बघा. २०२३ पर्यंत देशात बसवलेल्या सगळ्या सौर क्षमतेतून २०३० पर्यंत साचणारा कचरा सुमारे ३ लाख ४० हजार टन होईल असा दिल्लीच्या ऊर्जा, पर्यावरण आणि जल परिषदेचा अंदाज आहे. कोळशाच्या वीज केंद्रांतून २०२१-२२ या एकाच वर्षात निघालेली राख २७ कोटी टन होती. तिच्यात पारा आणि आर्सेनिक असतो. २०२२ च्या पावसाळ्यात नागपूरजवळ कोराडी केंद्राच्या खसाळा राख तलावाचा बांध फुटला आणि ती राख शेतांत, नाल्यांत आणि नदीत गेली. पॅनेलच्या कचऱ्याची काळजी करणाऱ्याने या राखेवर एक ओळ तरी लिहायची होती.

जर्मनी बुडालेली नाही. तिथे घरगुती वीज महाग आहे, युरोपात वरच्या क्रमांकांत आहे, आणि अणुकेंद्रं एप्रिल २०२३ मध्ये बंद करण्याचा निर्णय माझ्या मते घाईचा होता. पण २०२२ मध्ये त्या देशाला दणका बसला तो रशियाच्या गॅसवर विसंबल्यामुळे, आणि २०२३ मध्ये तिथल्या निम्म्याहून जास्त विजेचा वापर नूतनीकरणक्षम स्रोतांतून झाला. पुढे.

सूर्य मावळल्यावर काय, हा मात्र खरा प्रश्न आहे. संध्याकाळी सात ते दहा दिवे, पंखे, एसी एकदम चालू होतात आणि सौर वीज शून्यावर येते. ३० मे २०२४ रोजी देशाची मागणी २५० गिगावॅटपर्यंत गेली. तिचा दिवसाचा भार सौर ऊर्जेने बराच उचलला, रात्रीचा कोळशानेच. साठवण वाढल्याशिवाय हे सुटणार नाही आणि साठवणीला पैसे लागतात. आपल्याकडे घाटघरला २५० मेगावॅटचा प्रकल्प आहे, वीज स्वस्त असताना पाणी वरच्या धरणात चढवायचं आणि मागणी वाढली की खाली सोडून वीज काढायची. सह्याद्रीत असे आणखी प्रकल्प येऊ घातलेत, त्यात जंगल जाणार आहे, आणि त्यावर भांडायला हवं. सौर वीज युनिटमागे अमुक इतकी स्वस्त अशी जाहिरात करणारेही हा साठवणीचा खर्च सांगत नाहीत. हा मुद्दा मजकुराला मी देऊन टाकतो.

राहिला शेवटचा मुद्दा, समाज कोळशावर उभा राहतो हा. ऊर्जेने समाज घडतो हे खरंच आहे, आणि ते महाराष्ट्राइतकं कोणाला कळावं? विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मुंबईच्या गिरण्यांत विजेचे दिवे आले आणि दिवस मावळला की सुटणाऱ्या कामगाराचा दिवस चौदा-पंधरा तासांपर्यंत लांबला. पुढे त्या गिरण्यांना वीज हवी म्हणून टाटांचं जलविद्युत केंद्र खोपोलीला १९१५ मध्ये सुरू झालं, मग भिवपुरी, मग भिरा. भिऱ्यासाठी मुळशीला धरण बांधायचं ठरलं तेव्हा मावळातल्या शेतकऱ्यांनी १९२१ मध्ये सत्याग्रह केला, सेनापती बापट त्यासाठी तुरुंगात गेले. धरण झालंच. जमीन बुडाली मुळशी खोऱ्याची आणि उजेड पडला मुंबईत. कोयनेचे धरणग्रस्त अजून पुनर्वसनासाठी बसतात. ही वीज नूतनीकरणक्षमच आहे, धूर न काढणारी. तेव्हा स्वच्छ विजेचा छुपा खर्च म्हणजे काय हे आम्हाला निनावी शास्त्रज्ञाने शिकवायची गरज नाही, शंभर वर्षांपूर्वीच मावळ्यांनी तो मोजलाय. त्याचा धडा एवढाच की ज्याची जमीन जाते त्याचं आधी ऐका. त्यातून 'म्हणून कोळसाच बरा' हे कसं निघतं ते मला कळत नाही.

कारण कोळशाचं 'स्वस्त' कशातून येतं तेही पाहायला हवं. कोळशाच्या धुरातलं गंधक काढायची यंत्रणा बसवण्याचा नियम डिसेंबर २०१५ मध्ये आला. मुदती एकामागून एक वाढवत नेल्या आणि जुलै २०२५ मध्ये बहुतेक केंद्रांना त्यातून सूटच दिली गेली. यंत्रणा बसवली नाही म्हणून वाचलेला पैसा बिलात दिसतो, चंद्रपूरकरांच्या छातीतला धूर दिसत नाही. आणि पाणी. कोळशाच्या केंद्राला वाफेसाठी आणि यंत्रं थंड ठेवण्यासाठी अखंड पाणी लागतं, पॅनेलला धूळ धुण्यापुरतं, पवनचक्कीला तेवढंही नाही. मराठवाड्याने हे डोळ्यांनी पाहिलंय. बीड जिल्ह्यात पाणी उरलं नाही म्हणून परळीचं औष्णिक केंद्र जुलै २०१५ मध्ये बंद करावं लागलं. त्याआधी २०१३ च्या दुष्काळातही ते असंच बंद पडलं होतं. पाऊस पळवल्याचा आरोप पवनचक्कीवर ठेवणाऱ्या मजकुरात परळीचं नावही नाही.